ताईच्या नावाची कार्डं

चौथ्या बैठकीतही तिकिटं काढायची नाहीत, हे मधल्याने सकाळी दाढी करतानाच ठरवून टाकलं होतं. कारण तेवढं शोधायचं बाकी होतं, आणि कारणांची त्याला आजवर कधी ददात पडली नव्हती.

बैठक नेहमीसारखी त्याच्या चष्म्याच्या दुकानात भरली. सुट्टीचा दिवस, शटर अर्धं ओढलेलं, काउंटरवर बिस्किटांचे दोन पुडे. दुकानातच का, तर कॉम्प्युटर तिथे आहे, असं तो सगळ्यांना सांगायचा. खरं म्हणजे घरात तो तीन भावांतला मधला होता आणि दुकानात मालक होता. दादाने डोळे तपासायच्या उंच खुर्चीत बैठक मारली, कारण कुठेही गेलं तरी सगळ्यात उंच खुर्ची थोरल्याची, हे त्याने लहानपणीच ठरवून घेतलं होतं. दादाची बायको, म्हणजे वहिनी, काउंटरमागच्या स्टुलावर. धाकटा काचा घासायच्या यंत्राजवळ, उभाच. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे कुठलंही यंत्र दिसलं की त्याचा हात आपोआप पट्ट्यावर जायचा. मधल्याची बायको मागच्या खोलीत चहा करत होती आणि तिथूनच सगळं ऐकत होती. गेली सव्वीस वर्षं ती तिथूनच सगळं ऐकत आली होती.

विषय एकच, ताईकडे जायचं. ताई या तिघांची सगळ्यात मोठी बहीण, विमानाने अकरा तास लांब. सात आठवड्यांपूर्वी तिचा फोन आला होता, की डोळे जरा कुरकुरायला लागलेत, सगळे एकदा येऊन जा. ताई सहसा कुणाला ये म्हणायची नाही, तिला जा म्हणायची सवय जास्त. त्यामुळे जायचं हे त्याच दिवशी ठरलं. पासपोर्ट निघाले, रजा निघाल्या. तिकिटं तेवढी निघाली नाहीत, कारण ती मधला काढणार होता.

मधल्याला घरात वेधशाळा म्हणायचे. त्याला कारण होतं. अकरा वर्षांपूर्वी दादा आणि वहिनी ताईकडे गेले, तेव्हा याने निम्म्याहून कमी भावात तिकिटं मिळवून दिली होती. प्रवासाच्या बरोबर त्रेपन्न दिवस आधी, मंगळवारी, दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान. परतीच्या विमानात दादाने शेजारच्या माणसाला त्याचं भाडं विचारलं, आणि त्याचा पडलेला चेहरा बघून दादाला सगळ्या प्रवासाचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. ही हकिगत दादाने इतक्या लोकांना ऐकवली, की पुढेपुढे लोक नंबर तपासायचं निमित्त काढून दुकानात यायचे आणि यंत्रावर हनुवटी टेकवल्या टेकवल्या हळूच विचारायचे, आम्ही कधी काढावीत? मधला गंभीरपणे त्रेपन्न दिवस सांगायचा. त्या मंगळवारी खरं घडलं होतं ते असं, की एका गिऱ्हाइकाची फ्रेम तुटली होती, ते काउंटरवर बोटं आपटत उभं होतं, आणि याने घाईघाईत, नीट न बघता बटण दाबून टाकलं होतं. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. आधी सांगायचं राहून गेलं आणि मग दादाची हकिगत फार लांब पोचली.

त्या एका बटणावर त्याने पुढे केवढं शास्त्र उभं केलं. सकाळचं भाडं चढेल असतं. महिनाअखेरीला बघायचंच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपल्याला जायचंय हे विमान कंपनीला कळू द्यायचं नाही. कळलं की भाव वाढलाच. म्हणून शोधून झालं की मागच्या खुणा पुसायच्या आणि कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात ताईचं नावही काढायचं नाही. घरच्यांनी हे इतकं मनावर घेतलं होतं, की दादा त्या कोपऱ्याजवळून गेला तरी खणखणीत आवाजात म्हणायचा, "आम्हाला कुठे जायचंय?" आणि धाकटा म्हणायचा, "छे, मुळीच नाही." दोघांच्याही चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. मधल्याला हसू यायचं, पण नियम त्याचाच होता, हसणार कुणाला?

रोजची भाडी तो डोळे तपासायच्या कार्डांवर उतरवायचा. अशी कार्डं त्याने एकदा हौसेने तीन हजार छापून घेतली होती आणि ती संपता संपत नव्हती. वर नाव, तारीख, वेळ. खाली दोन रकाने, उजवा डोळा आणि डावा डोळा. उजव्यात जाता-येताचं मिळून भाडं, डाव्यात किती जागा उरल्या ते. नावापुढे काय लिहावं असा पहिल्या दिवशी प्रश्न पडला तेव्हा त्याने 'ताई' लिहिलं. दिवसाला तीन वेळा, सात आठवडे, पत्र्याच्या पेटीत दीडशेच्या आसपास कार्डं झाली होती.

आणि त्याच पेटीत, त्याच नावाची, आणखी तीन कार्डं होती. ती भाड्याची नव्हती.

ताईने फोनवर सगळ्यांना डोळे कुरकुरतात असं सांगितलं होतं आणि तिकडच्या डॉक्टरांचे कागद मात्र एकट्या मधल्याला पाठवले होते. तू चष्मेवाला आहेस, तू वाच आणि मला खरं काय ते सांग. घरात बोलू नकोस, धाकटा जेवायचा नाही. कागद वाचायला मधल्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. डोळ्याच्या पडद्याचा बरोबर मधला भाग झिजत चालला होता. अशा माणसाला कडेचं दिसतं, दार दिसतं, खिडकी दिसते. ज्याच्याकडे बघावं त्याचा चेहरा तेवढा पुसला जातो. इंजेक्शनं देऊन झाली होती. चेहरे अजून किती दिवस दिसतील, असं तिने विचारलं. तीन महिने, फार तर चार, असं त्याने सांगितलं. मग त्याच्या आत या, असं म्हणून तिने फोन ठेवला. त्यानंतर ती मधूनमधून तपासणीचे आकडे पाठवायची आणि हा सवयीने ते कार्डावर उतरवून पेटीत टाकायचा. सहाला अठरा. सहाला छत्तीस. आणि परवा आलेलं, सहाला साठ.

पस्तीस वर्षं ताईचे चष्मे यानेच बनवले होते. कापूस गुंडाळून, डबीत घालून पाठवायचा, आणि ती फोनवर सांगायची की तिकडच्या कुणालाही हे जमत नाही. या वेळी बनवायला नंबरच नव्हता. पडद्याला चष्मा चालत नाही. मग माणूस जे आपल्याला जमतं असं लोक समजतात, ते करत बसतो. मधला ताईसाठी भाडं उतरवत बसला होता. दाढी करताना हे त्याला स्वच्छ कळायचं. तोंड धुऊन झालं की कळेनासं व्हायचं.

तर बैठक. त्याने घसा साफ करून सांगितलं की आजचं भाडं माणशी सत्तेचाळीस हजार दोनशे आहे. हे फुगलेलं भाडं आहे. तिकडच्या शाळांच्या सुट्ट्या संपल्या की खाली येणार, आणखी दोन आठवडे दम धरावा. दादाने लगेच मान डोलावली. त्या अकरा वर्षांपूर्वीच्या विमानातून दादा अजून उतरलाच नव्हता.

वहिनींनी मान डोलावली नाही. त्या चौतीस वर्षं शाळेत होत्या, शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून, आणि उत्तर तोंडी दिलेलं त्यांना कधीच चालत नसे. मागच्या बैठकीतही दोन आठवडेच सांगितले होते, त्याच्या आधीच्याही बैठकीत दोनच, असं त्यांनी शांतपणे मांडलं. मग त्या धाकट्याकडे वळल्या आणि तुमचं काय म्हणणं म्हणून विचारलं.

धाकट्याचं म्हणणं दर वेळी एकच असायचं. "भाऊ म्हणेल तेव्हा. त्याला कळतं त्यातलं."

मधल्याने बिस्किटाचा पुडा उघडला. धाकटा चार वर्षांचा असताना आई गेली होती आणि एकोणीस वर्षांच्या ताईने त्याला वाढवलं होतं. त्याच्या बुटांच्या नाड्या तो दहा वर्षांचा होईपर्यंत तीच बांधायची. त्याची बॅग सात आठवडे भरून दाराशी उभी होती. मोजे लागले की तो तिच्यातून काढायचा, धुऊन वाळवून पुन्हा तिच्यातच ठेवायचा. त्याने आरडाओरडा केला असता, भांडला असता, तर मधल्याला सोपं गेलं असतं. त्याने हातातलं बिस्किट परत पुड्यात ठेवलं.

"भाऊजी, पेटी आणा," वहिनी म्हणाल्या.

त्याने सांगून पाहिलं की त्या नोंदी धंद्याच्या भाषेत आहेत, बाहेरच्याला लागायच्या नाहीत. वहिनींनी हात पुढे केला तो मागे घेतला नाही. पेटी द्यावी लागली. देताना ती तीन कार्डं काढून घ्यावीत असं त्याच्या मनात आलं, पण सगळ्यांच्या देखत पेटीत हात घालायचा कसा? आणि इतक्या गठ्ठ्यात वहिनींच्या हाती नेमकी तीच कशाला लागतील, असंही त्याला वाटलं. त्याचे अंदाज हे असे असायचे.

वहिनींनी कार्डं काउंटरवर ओतली आणि पेपर तपासायला बसल्यासारख्या तारखेप्रमाणे रांगा लावल्या. रकाने त्यांना दोन मिनिटांत कळले. इतक्या सोप्या गोष्टीला धंद्याची भाषा म्हणतात होय, एवढंच त्या म्हणाल्या. मग एका कार्डावर त्यांचं बोट थांबलं.

"बारा दिवसांपूर्वीचा मंगळवार. दोन वाजून दहा मिनिटं. एकतीस हजार चारशे."

मागच्या खोलीत कपांचा आवाज बंद झाला.

"याच मंगळवारी तुम्ही आम्हाला बोलावून घेतलंत ना?" वहिनींनी विचारलं. "आम्ही तीनला पाच कमी असताना पोचलो तेव्हा एकोणचाळीस हजार होतं. तुम्ही म्हणालात, उतरण्याआधी असं चढतं, तेच दाखवायला बोलावलंय."

तो मंगळवार मधला विसरणं शक्यच नव्हतं. दोन वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर एकतीस चारशे उमटलं होतं. पाचही पासपोर्ट शेजारी होते. बोट बटणावर होतं. आणि त्याच्या मनात आलं, की मागच्या वेळी हा चमत्कार झाला तेव्हा बघायला फक्त तुटलेल्या फ्रेमचं गिऱ्हाईक होतं, आणि त्यानेही बघितलं नव्हतं. अशी वेळ माणसाच्या आयुष्यात दोनदा येते, आणि दुसऱ्यांदाही एकट्यानेच? त्याने बोट उचललं आणि फोन लावले. ताबडतोब या, एवढंच सांगितलं, का ते सांगितलं नाही, मजा जायला नको म्हणून. दादा इस्त्रीचा शर्ट चढवून पायी आला, बसचे पैसे वाचवत. धाकटा एक लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर कुलूपबंद करून, पाटी लटकवून आला. तेवढ्या वेळात मधल्याने खुर्च्या मांडल्या होत्या, पडदा सगळ्यांना दिसेल असा वळवून ठेवला होता. सगळे मागे उभे राहिल्यावर तो "आता बघा" म्हणाला, आणि सगळ्यांनी एकोणचाळीस हजार बघितलं.

"दोन-दहाला मिळत होतं," वहिनी म्हणाल्या, "आणि तुम्ही थांबलात. कशासाठी?"

"तुमच्यासाठी," मधला म्हणाला. हे खरंच होतं, आणि वर ऐकायलाही चांगलं वाटत होतं, याची त्याला स्वतःलाच लाज वाटली.

दादा खुर्चीतून सांगू लागला की यात वाईट काय, त्याने आपला मान ठेवला, आजकाल कोण कुणाला विचारतं. बोलता बोलता त्याने पाच जणांचा हिशेब मनात मांडला असावा, कारण मधेच त्याचा आवाज खाली आला. मग त्याने विचारलं, की एकतीसवरून आज सत्तेचाळीस म्हणजे पाच जणांचे नेमके किती होतात. दादा वहिनींच्या बाजूला गेला तो असा, खुर्चीतून न उठता. आता मधल्याच्या बाजूला एकटा धाकटा उरला, आणि तो अजूनही म्हणत होता की चुकतं माणसाचं, भाऊ बघेल काय ते.

वहिनी थांबल्या नव्हत्या. त्यांना आता यापेक्षाही कमी भाव कधी हातचा गेला का, ते बघायचं होतं. शेवटच्या रांगेतलं एक कार्ड त्यांनी उचललं, नाकावरचा चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. तोही मधल्यानेच बनवलेला होता आणि त्यातून त्यांना अगदी स्वच्छ दिसायचं.

"परवाची तारीख. नाव ताई. उजवा, सहा आणि खाली साठ." त्या सावकाश वर बघत म्हणाल्या, "भाऊजी, परवा सहा हजार साठला तिकीट मिळत होतं?"

दादा खुर्चीतून खाली उतरला. आता मात्र सगळे एकदम बोलायला लागले. सहा हजारात कुणी बसने लांबच्या गावी नेत नाही, दादाचं म्हणणं. सोन्यासारखी संधी मातीत घातली, वहिनींचं म्हणणं. आता तरी वेधशाळेला टाळं लावा, हेही कुणीतरी म्हणालं, बहुतेक दादाच. धाकटा तेवढा मधल्याकडे बघत होता.

आणि मधल्याला चक्क हायसं वाटलं. वाट आयती समोर आली होती. हो म्हणायचं, मूर्ख ठरायचं, दोन महिने सगळ्यांनी तोंडसुख घ्यायचं, पुढे दहा वर्षं पाहुण्यांना सांगायचं. मूर्ख ठरायची त्याला भीती नव्हती, त्याची त्याला घरबसल्या सवय होती. दुसरं जे होतं ते सांगण्यापेक्षा हे फार स्वस्त पडत होतं.

"हो," तो म्हणाला. "सुटलं हातून."

मागच्या खोलीतून बायको चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिने ट्रे काउंटरवर कार्डांच्या शेजारी ठेवला, पदर खोचला आणि वहिनींच्या हातातलं कार्ड अलगद काढून घेतलं.

"वहिनी, हे भाडं नाही," ती म्हणाली.

"अगं, तू आत जा," मधला म्हणाला.

ती आत गेली नाही. तिने समोरच्या भिंतीवरच्या तक्त्याचा दिवा लावला. डोळे तपासायचा नेहमीचा तक्ता, वर एकच मोठं अक्षर आणि खाली लहान लहान होत गेलेल्या ओळी. दादा, पुन्हा खुर्चीत बसा, असं तिने सांगितलं, आणि कुठपर्यंत दिसतं ते विचारलं. दादाला काही कळेना, पण परीक्षा म्हटली की तो मागे हटायचा नाही. त्याने चष्मा सारखा करून शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत घडाघडा वाचून दाखवलं.

बायकोने खुंटीवरचा टॉवेल घेतला. तक्त्याजवळ जाऊन तिने तो चौथ्या ओळीखाली धरला. "सात आठवड्यांपूर्वी ताईंना एवढं दिसत होतं." टॉवेल दोन ओळी वर सरकला. "महिन्यापूर्वी एवढं." मग तिने तो आणखी वर घेतला, आणि तक्त्यावर सगळ्यात वरचं ते एकच मोठं अक्षर उरलं. "आणि परवा, एवढं. सहाला साठ म्हणजे हे."

त्या अक्षराकडे सगळे बघत राहिले. दुकानात येणाऱ्या लहान मुलांनाही ते वाचता यायचं, त्यामुळे त्याच्याकडे आजवर कुणी नीट बघितलंच नव्हतं.

"तुला कधी कळलं?" मधल्याने विचारलं.

"परवा, पेटी पुसताना. तुम्ही आज बोलाल म्हणून थांबले. थांबायची सवय या घरात सगळ्यांनाच लागलीय."

मग मधला बोलला. तक्त्याकडे तोंड करूनच बोलला, कारण माणसांकडे बघून त्याला बोलता येत नव्हतं. पडदा, त्याचा मधला भाग, इंजेक्शनं, तीन महिन्यांचा अंदाज, ताईने घातलेली बंदी, सगळं सांगितलं. सांगता सांगता गाडी घसरली आणि त्याने तुटलेल्या फ्रेमचं गिऱ्हाईकही सांगून टाकलं. त्रेपन्न दिवस वगैरे काही नसतं, घाईत दाबलं होतं बटण. दादाच्या तोंडावर यामुळे जे दुःख उमटलं ते खरंखुरं होतं. अकरा वर्षं जिवापाड जपलेली हकिगत एका वाक्यात गेली होती.

"तिच्यासाठी मला काहीच करता येत नव्हतं रे," मधला म्हणाला. "चष्मा नाही, काही नाही. म्हटलं, निदान भाडं तरी उतरवू."

धाकटा यंत्राच्या पट्ट्यावरून हात काढायला विसरला होता. "भाऊ," तो म्हणाला, "तू म्हणशील तेव्हा जाऊ, असं मी म्हणत होतो. सात आठवडे."

धाकटा चालत कॉम्प्युटरपाशी गेला आणि त्याने खुर्ची ओढून मधल्यासाठी ठेवली.

"काढा," वहिनी म्हणाल्या. "आत्ता. सगळ्यात आधीचं मिळेल ते."

रविवार, सकाळची वेळ, महिनाअखेर, पाच जागा एकाच विमानात, आणि प्रवास चार दिवसांनी. मधल्याच्या शास्त्रातला एकही नियम मोडायचा राहिला नाही. गुरुवारचं भाडं पडद्यावर आलं, माणशी एकसष्ट हजार आठशे. दादा चष्मा सावरत मागे येऊन उभा राहिला, आणि इतक्या दिवसांच्या सवयीने त्याच्या तोंडून निघालं, "आम्हाला कुठे..." मग तो मधेच थांबला आणि त्याने खिशातून रुमाल काढला. वहिनी एकेक पासपोर्ट उघडून आकडे वाचत गेल्या, स्पष्ट, शुद्धलेखन घालावं तसे. मधल्याने धाकट्याचा हात धरून बटणावर ठेवला. धाकट्याने लगेच दाबलं.

तिकिटं निघाली. दोन मिनिटांनी मधल्याने, हाताला खाज म्हणा नाहीतर आणखी काही, तेच पान पुन्हा उघडून बघितलं. भाडं सत्तावन्न हजारांवर आलं होतं. मधल्याने धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने पडद्याकडे बघितलं. मग तो खाली वाकला आणि अडकलेल्या लिफ्टचा करतात तसा त्याने कॉम्प्युटरचा वीजपुरवठा बंद केला. बाकीच्यांना कधीच कळलं नाही.

ताईला फोन मधल्यानेच लावायचा, असं सगळ्यांनी ठरवलं. शिक्षाच ती. तो फोन घेऊन मागच्या खोलीत गेला, तर चौघंही मागोमाग आले आणि चहाच्या भांड्यांमध्ये दाटीवाटीने उभे राहिले.

"आज मंगळवार नाही," ताई म्हणाली. मधला तिला एरवी मंगळवारीच फोन करायचा. आवाज नेहमीचाच होता, खणखणीत.

"नाही. गुरुवारी निघतोय आम्ही. पाचही जण."

"या गुरुवारी?" ती थांबली. मग जे ती दर वेळी विचारायची, तेच तिने विचारलं. "केवढ्याला पाडलंस?"

त्याच्या मनात पटकन एक बरासा आकडा आला. एकतीस चारशे तोंडाशी आला होता. तिला बरं वाटलं असतं, तिने तिकडे चार जणांना सांगितलं असतं.

"एकसष्ट हजार आठशे," तो म्हणाला. "सगळ्यात महाग, ताई. याच्या वरचं कार्डच नाही माझ्याकडे."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणजे येताय खरे," ताई म्हणाली. तिचा आवाज आता तसा खणखणीत राहिला नव्हता. "मला आपलं वाटायला लागलं होतं, की तुम्हाला यायचंच नाहीये."

आम्हाला कुठे जायचंय, हे सात आठवडे मधल्याने सगळ्यांकडून म्हणवून घेतलं होतं, आणि यंत्राला काय ऐकू गेलं असेल ते असो, हिला ते तिकडे ऐकू गेलं होतं. त्याने मान हलवली, फोनवर ती दिसत नाही हे त्याच्या लक्षातच आलं नाही. बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नकोस," ताई म्हणाली, तिला कसं कळलं कोण जाणे. "नीट ऐक. आल्यावर माझ्या पुढ्यात उभं राहू नका कुणी. कडेला बसा. कडेचं अजून दिसतं मला, थोडं का होईना. आणि धाकट्याला जवळ बसव, त्याला मी बराच वेळ बघणार आहे."

फोन ठेवल्यावर मधल्याने एक कोरं कार्ड घेतलं. नावापुढे ताई लिहिलं, तारीख गुरुवारची घातली. उजव्या रकान्यात लिहिलं, दादा, वहिनी. डाव्यात आधी धाकटा, ठळक अक्षरांत, मग त्याच्याखाली ही, आणि अगदी शेवटी मी. दोन रकान्यांच्या मधली जागा त्याने रिकामी सोडली. मग ते कार्ड पेटीत न टाकता त्याने आपल्या पासपोर्टात ठेवलं आणि धाकट्याला म्हणाला, बॅगेतले मोजे आता काढू नकोस.